उशीर, तडतड आणि सरकलेला तबला: घरच्या रेकॉर्डिंगमधील चार वेगळे बिघाड

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या एका खोलीत अभंग आणि भावगीते रेकॉर्ड करणारे एक गायक विंडोजचा लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि रीपर हे सॉफ्टवेअर वापरतात. लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे. बफर ५१२ वर ठेवला की हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येतो. तो ६४ वर आणला की उशीर जातो, पण तडतड सुरू होते, आणि सात-आठ ट्रॅक झाल्यावर तर प्लेबॅकच अडखळू लागतो. मित्राने नंतर वाजवलेला तबला, वाजवताना लयीत चोख असूनही, ऐकताना किंचित मागे पडलेला वाटतो. दुसऱ्या गावातील बासरीवादकाने फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेली फाइल एकदा चढ्या पट्टीत वाजली, आणि ते दुरुस्त केल्यावरही गाण्याच्या शेवटी बासरी ठेक्यापासून सुटी पडते. या सगळ्यावर नवा लॅपटॉप घेणे हाच उपाय आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

या तक्रारी एका दमात सांगितल्या गेल्या असल्या तरी ते चार वेगळे बिघाड आहेत, आणि त्यांतील पहिल्या दोहोंची औषधे एकमेकांना मारक आहेत. उशीर घालवण्यासाठी बफर कमी करावा लागतो, तडतड घालवण्यासाठी तो वाढवावा लागतो. पुष्कळ जण या दोन टोकांमध्ये महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात आणि अखेर यंत्राला दोष देतात. गायक आणि साथीची वाद्ये माइकवर घेणाऱ्या माणसाने या शर्यतीत उतरण्याचे मुळी कारणच नाही, असे माझे मत आहे. ते का, हे कळण्यासाठी बफर म्हणजे काय ते आधी नीट पाहू.

संगणक ध्वनी थेंबाथेंबाने हाताळत नाही, तो तांब्या-तांब्याने हाताळतो. तांब्या भरला की तो पुढे दिला जातो आणि रिकामा झाला की दुसरा यावा लागतो. तांब्या लहान असेल तर पाणी लवकर पोहोचते, पण भरणाऱ्याला उसंत मिळत नाही. एकदा जरी त्याचे लक्ष दुसरीकडे गेले तरी धार तुटते, आणि ती तुटलेली धार म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी तडतड. संगणक ध्वनीची सेकंदाला जितकी मापे, म्हणजे सॅम्पल, घेतो तो सॅम्पल रेट, आणि तांब्याचा आकार म्हणजे बफर. सॅम्पल रेट ४८,००० असताना ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७ आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंद. हा हिशेब एका बाजूचा आहे. माइकमधून आत येताना एक बफर भरतो आणि हेडफोनकडे जाताना आणखी एक, शिवाय इंटरफेसमधील रूपांतर आणि ड्रायव्हरने, म्हणजे संगणक व इंटरफेस यांच्यातील दुवा असलेल्या सॉफ्टवेअरने, स्वतःच्या सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेला थोडा साठा यांची त्यात भर पडते. म्हणून ५१२ वर आपला आवाज जाऊन परत यायला २१ नव्हे, तर साधारण २५ मिलिसेकंद लागतात. रीपरच्या खिडकीत वर उजव्या कोपऱ्यात सॅम्पल रेट व बफरच्या शेजारी मिलिसेकंदांचे दोन आकडे दिसतात. पहिला आत येण्याचा आणि दुसरा बाहेर जाण्याचा असतो, आणि त्यांची बेरीज हा आपला खरा उशीर.

पंचवीस मिलिसेकंद म्हणजे किती, हे अंतरात सांगितले तर चटकन उमगते. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत तबलजी हाताच्या अंतरावर असतो, म्हणजे त्याचा ठोका गायकापर्यंत तीन मिलिसेकंदांत येतो. पंचवीस मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तो साडेआठ मीटरवर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्यासारखे झाले. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. तिच्यात चार बोल बसवले तर दोन बोलांमधील अंतर जेमतेम ६२ मिलिसेकंद उरते, आणि त्यातले पंचवीस उशिरानेच खाल्ले तर वादकाचा हात जड होणारच. गायकाची अडचण आणखी निराळी आहे. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो, आणि तोच आवाज हेडफोनमधून काही मिलिसेकंदांनी पुन्हा आला की दोन्ही मिसळून काही सूर एकमेकांना खोडतात. पाच मिलिसेकंदांच्या उशिरात ही खोडाखोड १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी होते. परिणामी आवाज पिंपात तोंड घालून गायल्यासारखा पोकळ वाटतो, आणि गायकाला वाटते की माइक वाईट आहे. तेव्हा बफर १२८ वर आणूनही गायकाचे समाधान होत नसेल, तर तो नखरे करीत नाही, त्याला खरोखरच काहीतरी ऐकू येत असते.

यावरचा उपाय बहुतेक इंटरफेसच्या दर्शनी बाजूवरच असतो. 'डायरेक्ट मॉनिटर' असे लिहिलेले बटण, किंवा 'इनपुट' आणि 'प्लेबॅक' यांच्यामध्ये फिरणारा खटका तेथे असतो. ते चालू केले की माइकचा आवाज संगणकाला वळसा न घालता इंटरफेसमधूनच हेडफोनला जातो आणि उशीर ऐकू येण्याइतका उरत नाही. मात्र त्याच वेळी रीपरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे ट्रॅकवरील स्पीकरच्या आकृतीचे बटण, बंद करायला हवे. ते राहून गेले तर थेट आवाज आणि उशिरा आलेला आवाज असे दोन्ही ऐकू येतात, आणि डायरेक्ट मॉनिटरिंगने काही फरक पडत नाही असा गैरसमज होतो. दोन इनपुटचे इंटरफेस कधी कधी पहिला माइक डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात देतात. तसे होत असेल तर मोनोचा पर्याय निवडावा, नाहीतर एका कानात कंठ आणि दुसऱ्या कानात पेटी घेऊन गावे लागेल.

डायरेक्ट मॉनिटरिंगविषयी गायकांची एक तक्रार रास्त असते. कोरडा आवाज ऐकत गाणे जिवावर येते, थोडी तरी गुंज हवी असते. त्यासाठी एक युक्ती आहे आणि ती मी नेहमी वापरतो. कोरडा कंठ डायरेक्ट मॉनिटरमधून ऐकावा. रीपरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू ठेवून त्याचा मास्टरकडे, म्हणजे सर्व ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या ट्रॅककडे, जाणारा मार्ग बंद करावा, आणि तो आवाज एका स्वतंत्र रिव्हर्बच्या, म्हणजे गुंज देणाऱ्या साधनाच्या, ट्रॅककडे पाठवावा. त्या रिव्हर्बमध्ये मूळ आवाजाचे प्रमाण शून्य ठेवून केवळ गुंज घ्यावी. आता संगणकातून येते ती फक्त गुंज, आणि ती वीस-पंचवीस मिलिसेकंदांनी उशिरा आली तरी बिघडत नाही, कारण मोठ्या सभागृहातही भिंतींवरून आवाज परतायला तेवढा वेळ लागतोच. अशा मांडणीत बफर ५१२ काय, १०२४ काय, गायकाला फरक कळत नाही. लहान बफरची खरी गरज असते ती मिडी कीबोर्डवर संगणकातील वाद्य वाजवणाऱ्यांना आणि गिटारला संगणकातील अँप लावणाऱ्यांना, कारण त्यांचा ध्वनीच संगणकात जन्मतो.

उशिराचे आणखी एक कारण आहे जे बफर कितीही कमी केला तरी हटत नाही, आणि ते सहसा लोकांच्या ध्यानात येत नाही. काही प्लगइन, म्हणजे ट्रॅकवर लावलेली आवाज घडवणारी साधने, पुढे काय येणार आहे ते पाहिल्याशिवाय काम करू शकत नाहीत. पुढचा आवाज आधी पाहून घेणारे लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर आणि गोंगाट काढणारी साधने या जातीची असतात. असा प्लगइन एखाद्या ट्रॅकवर बसला की तो जेवढा उशीर लावतो तेवढे बाकीच्या सर्व ट्रॅकना सॉफ्टवेअर मुद्दाम थांबवते, कारण तसे केले नाही तर तोच एक ट्रॅक मागे पडेल. रीपरमध्ये प्लगइनच्या खिडकीत खाली सीपीयूच्या टक्क्यांशेजारी सॅम्पलमध्ये एक आकडा दिसतो. तेथे ४०९६ असेल तर ४८ किलोहर्ट्झवर ८५ मिलिसेकंदांचा उशीर आपण स्वतःच विकत घेतलेला असतो. गाणे मोठ्याने वाजावे म्हणून मास्टरवर लिमिटर लावायचा आणि तो तसाच ठेवून पुढची वाद्ये रेकॉर्ड करायची, हा घरगुती स्टुडिओंतला सर्रास आढळणारा प्रमाद आहे. रेकॉर्डिंगच्या काळात असे प्लगइन उजवे क्लिक करून ऑफलाइन करावेत आणि मिक्सिंगच्या वेळी परत आणावेत.

आता तडतडीकडे वळू. येथे सर्वांत आधी एक साधी परीक्षा करावी. ज्या ठिकाणी तडतड ऐकू आली ती जागा दोन-तीनदा वाजवून पाहावी. तडतड दर वेळी नेमकी त्याच बोलावर येत असेल तर ती फाइलमध्येच शिरली आहे, म्हणजे दोष रेकॉर्ड करताना घडला. ती दर वेळी जागा बदलत असेल किंवा एखाद्या वेळी येतच नसेल, तर फाइल निर्दोष आहे आणि संगणक ती वाजवताना दमतो आहे. या दोहोंत फार अंतर आहे. पहिल्यात पुन्हा गावे लागते, दुसऱ्यात गाण्याला धक्का लागलेला नसतो आणि अंतिम फाइल रेंडर केली की ती स्वच्छ निघते. पहिल्या प्रकारात गेन जास्त असल्याने इनपुट फाटले आहे का, हेही पाहावे. तार सप्तकातल्या एका आलापीने लाल दिवा लागतो आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

विंडोजवर पहिली तपासणी ड्रायव्हरची. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ विभागात डिव्हाइस पाहावे. तेथे वेव्हआउट किंवा डायरेक्टसाउंड असेल तर पुढचे काहीही करण्याआधी ते बदलून असिओ निवडावे आणि त्यात इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर घ्यावा. असिओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली पुढे आणलेली पद्धत आहे. विंडोजच्या स्वतःच्या ध्वनिव्यवस्थेतील मधले टप्पे टाळून सॉफ्टवेअरला यंत्राशी जवळजवळ थेट बोलता यावे, हा तिचा हेतू. 'असिओ-फोर-ऑल' या नावाने मिळणारी मोफत वस्तू मात्र कोणत्याही इंटरफेसचा खास ड्रायव्हर नव्हे. ती विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर चढवलेला असिओचा अंगरखा आहे. ज्याच्याकडे फक्त लॅपटॉपचे साउंड कार्ड आहे त्याला ती वरदान ठरते, पण ज्याच्या इंटरफेसला स्वतःचा ड्रायव्हर आहे त्याने ती वापरणे म्हणजे एक पायरी खाली उतरणे आहे. याबरोबरच विंडोजच्या सूचनांचे आवाज आणि ब्राउझर यांच्यासाठी लॅपटॉपचे स्पीकर नेमून द्यावेत, म्हणजे मध्येच एखादा व्हिडिओ सुरू होऊन इंटरफेसचा सॅम्पल रेट बदलण्याचा प्रसंग येणार नाही.

दुसरी तपासणी संगणकातील इतर मंडळींची. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, बॅटरीची देखरेख यांचे ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसरला हटकून आपले काम आधी करून घेतात. हे हटकणे दोन-तीन मिलिसेकंद लांबले आणि बफर १.३ मिलिसेकंदांचा असला तर धार तुटणार हे उघड आहे. लेटन्सीमॉन नावाचे मोफत साधन चालू करून दहा मिनिटे लॅपटॉप तसाच ठेवला की कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवून धरतो हे ते दाखवते. त्या यादीत वर एनडीआयएस दिसले तर संशय नेटवर्कवर घ्यावा आणि वाय-फाय बंद करून पुन्हा पाहावे. एसीपीआय दिसले तर वीज व बॅटरीच्या व्यवस्थापनाकडे पाहावे, बायोस अद्ययावत करून बघावे. रेकॉर्डिंगच्या वेळी विमान मोड लावणे हा फुकटचा उपाय आहे आणि त्याने अनेकांचा अर्धा त्रास संपतो.

विजेच्या बाबतीत आपल्याकडची परिस्थिती थोडी वेगळी असल्याने त्यावर जरा थांबतो. भारनियमनाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर जातो, विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवते, आणि मघापर्यंत मुकाट चाललेला तोच प्रोजेक्ट अचानक तडतडू लागतो. म्हणून पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' ठेवावा, आणि प्रगत पर्यायांमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के करून यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे. हे बदल चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना, अशा दोन्ही रकान्यांत करावे लागतात. दुसरी गोष्ट उष्णतेची. घरी रेकॉर्ड करताना आपण पंखा बंद करतो, खिडक्या लावतो आणि बैठकीच्या गादीवरच लॅपटॉप ठेवतो. गादीत त्याची हवेची भोके बुजतात, वीस मिनिटांत तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हे हमखास घडते. पहिली दोन कडवी स्वच्छ आणि तिसऱ्यापासून तडतड अशी तक्रार आली की मी सेटिंग विचारण्याआधी लॅपटॉप कशावर ठेवला आहे ते विचारतो. त्याच्याखाली दोन पाट ठेवल्याने बरे झालेले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत.

यूएसबीविषयी एवढेच की इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावावा, केबल लांबलचक नसावी, आणि त्याच बाजूच्या पोर्टवर बाहेरची हार्ड डिस्क नसावी.

सात-आठ ट्रॅकनंतर अडखळणारा प्लेबॅक हा मात्र बहुधा प्रोसेसरचा प्रश्न आहे, आणि येथे टास्क मॅनेजर दिशाभूल करतो. तो सर्व कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणकांची, सरासरी दाखवतो. एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन क्रमानेच चालवावे लागतात, ते चार कोअरमध्ये वाटता येत नाहीत, आणि मास्टरवरील साखळीला तर सगळे ट्रॅक हाती येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे सरासरी तीस टक्के असतानाही एका कोअरचा जीव जात असतो. रीपरच्या व्ह्यू मेनूतील परफॉर्मन्स मीटर उघडला की प्रत्येक ट्रॅक किती प्रोसेसर खातो ते दिसते. 'आरटी सीपीयू' या नावाचा आकडा तडतडीच्या संदर्भात जास्त बोलका असतो. सर्वांत खादाड ट्रॅक सापडला की त्याला फ्रीज करावे. रीपर तो प्लगइनसह वाजवून त्याची फाइल करून ठेवते आणि प्लगइन बाजूला सारते. पुढे बदल हवा असल्यास अनफ्रीज करता येते, त्यामुळे भीतीचे कारण नाही.

रीपरचा एक गुण या ठिकाणी दोषासारखा भासतो. ज्या ट्रॅकवर रीपरमधील मॉनिटरिंग चालू नाही त्यांचे प्लगइन ते आधीच, मूळ बसवणुकीप्रमाणे सुमारे २०० मिलिसेकंद पुढचे, चालवून ठेवते. म्हणून एरवी फार मोठे प्रोजेक्टही लहान बफरवर निभावतात. पण रेकॉर्डसाठी आर्म करून, म्हणजे लाल बटणाने सज्ज करून, मॉनिटरिंग लावलेल्या ट्रॅकला ही सवलत देता येत नाही, कारण गायक पुढे काय गाणार हे कोणालाच ठाऊक नसते. तबला घेऊन झाला, पेटी घेऊन झाली, तरी त्यांची लाल बटणे चालूच राहिली असतील तर ते सगळे ट्रॅक विनाकारण अवघड रांगेत उभे राहतात. काम झालेला ट्रॅक डिसआर्म करण्याची सवय लावून घ्यावी. आपल्या प्रश्नातील अडखळण्याचे मोठे कारण हेच असण्याची दाट शक्यता मला वाटते.

डिस्कवर लोक उगाच आळ घेतात. चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट खातो. वीस ट्रॅक झाले तरी तीन मेगाबाइट भरत नाहीत, आणि साध्या एसएसडीला त्याचे काहीच वाटत नाही. अपवाद दोन. जुनी फिरती हार्ड डिस्क अनेक फाइलींमध्ये उड्या मारताना खरोखर मागे पडते. आणि प्रोजेक्टचा फोल्डर क्लाउडवर आपोआप प्रत पाठवणाऱ्या जागेत असेल, तर लिहिली जात असलेली फाइल ती सेवा त्याच क्षणी वर पाठवू पाहते. माझ्याच घरी एका दुपारी, ठुमरीच्या अप्रतिम जमलेल्या मुखड्यात, यामुळे तीन ठिकाणी तुकडे गळाले होते. गायिका पुन्हा गायल्या, पण तो मुखडा परत आला नाही.

आता मागे पडणारा तबला. येथे तबलजीचा दोष नाही हे प्रश्नकर्त्याने ओळखले आहे, आणि ते बरोबर आहे. आधी रेकॉर्ड झालेले ऐकत वाजवताना वादक जे ऐकतो तेच मुळात बाहेर जाण्याच्या उशिराइतके मागे असते, आणि त्याचे वाजवणे आत येण्याच्या उशिराइतके आणखी मागे नोंदले जाते. सॉफ्टवेअर ड्रायव्हरला हे दोन्ही उशीर विचारते आणि नवा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे डावीकडे, ओढून बसवते. ड्रायव्हरने खरे सांगितले तर सगळे जुळते. पण काही ड्रायव्हर आपला राखीव साठा हिशेबात धरत नाहीत, आणि मग प्रत्येक नवा ट्रॅक तेवढ्याच ठरावीक अंतराने मागे बसतो. पाच मिलिसेकंद कानाला चूक म्हणून कळत नाहीत, फक्त ठेका आळसावल्यासारखा वाटतो. त्यावर आणखी वाद्ये त्या तबल्याला धरून रचली की आळस साचत जातो.

हे मोजता येते. इंटरफेसच्या आउटपुटपासून त्याच्याच लाइन इनपुटला एक केबल जोडावी. डायरेक्ट मॉनिटर आणि रीपरमधील मॉनिटरिंग ही दोन्ही बंद ठेवावीत, नाहीतर शिट्टी सुरू होऊन स्पीकर आणि कान दोन्ही संकटात येतील. एका ट्रॅकवर क्लिकची फाइल ठेवून ती वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावी, आणि मग दृश्य इतके मोठे करावे की एकेक सॅम्पल सुटा दिसेल. मूळ क्लिक आणि परत आलेला क्लिक यांच्यात जेवढे अंतर असेल ती ड्रायव्हरची थाप. समजा ते २४० सॅम्पल निघाले, तर ४८ किलोहर्ट्झवर ते नेमके पाच मिलिसेकंद होतात. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर ड्रायव्हरने कळवलेली लेटन्सी, म्हणजे उशीर, वापरण्याचा पर्याय चालू ठेवून त्याखालच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये हा आकडा घालावा आणि चाचणी पुन्हा करून अंतर शून्य झाले याची खात्री करावी. आधी घेतलेले तबल्याचे ट्रॅकही तेवढेच डावीकडे सरकवले की झाले, पुन्हा वाजवायला नको. ऑडॅसिटी हे दुसरे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी हीच सोय 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' या नावाने आहे. तेथे सुरुवातीलाच उणे १३० मिलिसेकंद भरलेले असतात, पण तो एक सरासरी अंदाज आहे, आपल्या यंत्राचे माप नव्हे. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवलेल्या ट्रॅकला मात्र यातले काही लागू होत नाही. तो उशीर बहुतेकदा शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे असतो आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच लागेल याची खात्री नसते, म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीत ब्लूटूथ आणूच नये.

बासरीची पट्टी चढण्याचा प्रकार गमतीदार वाटला तरी त्याचे गणित साधे आहे. फाइलचा सॅम्पल रेट प्रोजेक्टपेक्षा वेगळा असला म्हणून एरवी काही बिघडत नाही, कारण फाइलच्या माथ्यावर लिहिलेला आकडा वाचून रीपर योग्य रूपांतर करते. बिघडते ते माथ्यावरचा आकडाच खोटा असेल तेव्हा. फोनने प्रत्यक्षात ४४,१०० ने टिपले आणि लेबल ४८,००० चे लावले, तर फाइल १.०८८ पट वेगाने वाजते. स्वर पेटीच्या सुमारे दीड पट्टीइतका चढतो. सफेद एकमधली बासरी काळी एक आणि सफेद दोन यांच्या मधोमध कोठेतरी जाऊन बसते, जेथे पेटीला सूरच नाही. पाच मिनिटांचे गाणे ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपत असेल तर निदान पक्के. त्या तुकड्याच्या गुणधर्मांमध्ये प्लेबॅक रेट ०.९१८७५ करावा आणि पट्टी कायम ठेवण्याचा पर्याय काढून टाकावा. एकच फाइल नव्हे तर प्रोजेक्टमधील सगळेच चढे वाजत असेल, तर मात्र दोष इंटरफेस आणि प्रोजेक्ट यांच्या सॅम्पल रेटमधील विसंगतीचा आहे. तेथे फाइलींना हात न लावता डिव्हाइसची बसवणूक सुधारावी.

शेवटी बासरी सुटी का पडते, याचे उत्तर घड्याळांत आहे. प्रत्येक यंत्रात सॅम्पल मोजणारा एक स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे धावत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक म्हणजे मिनिटाला तीन मिलिसेकंद, सहा मिनिटांच्या अभंगाच्या अखेरीस अठरा. यूएसबी माइक आणि इंटरफेस असे दोन स्वतंत्र स्रोत असिओ-फोर-ऑलमधून एकत्र वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, आणि म्हणूनच एका वेळी एकच यंत्र वापरावे असा माझा आग्रह असतो. बासरीवादक दूर असल्याने तेथे इलाज नाही, पण मोजण्याची सोय करता येते. आपण पाठवतो त्या मार्गदर्शक ट्रॅकच्या आरंभी आणि अखेरीस चार-चार स्वच्छ ठोके घालावेत. वादकाने त्या दोन्ही वेळी हेडफोन फोनच्या माइकजवळ धरून ते ठोके आपल्या रेकॉर्डिंगमध्ये टिपून घ्यावेत. पहिल्या ठोक्यावर फाइल जुळवायची, शेवटच्या ठोक्यापर्यंतचे दोन्हीकडचे अंतर भागायचे आणि तो भागाकार प्लेबॅक रेटमध्ये घालायचा. ३६०.०१८ भागिले ३६० म्हणजे १.००००५, आणि एवढ्याने स्वर बदलल्याचे कोणत्याही कानाला कळणार नाही. फाइल वेव्ह स्वरूपात मागवावी. एमपी३ करताना सुरुवातीला पंचवीसेक मिलिसेकंदांची किंवा त्याहून अधिक शांतता आपोआप जोडली जाते. व्हॉट्सअॅपवरून पाठवायची असेल तर ती व्हॉइस नोट म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे जशी होती तशी पोहोचते.

राहिला नव्या लॅपटॉपचा प्रश्न. वर सांगितलेले झाल्यावर, बफर १०२४ वर आणि सर्व ट्रॅक डिसआर्म असताना, वीस ट्रॅकही या यंत्रावर चालायला हवेत. तेवढ्यानेही अडखळत असेल तर आधी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. संगणकातील तानपुरा, सतार किंवा व्हायोलिनचे मोठे ध्वनिसंग्रह वापरत असाल तरच रॅम १६ जीबी करावी, कारण नुसत्या माइकवरच्या रेकॉर्डिंगला ८ पुरेशी आहे. प्रोसेसर बदलण्याचा विचार परफॉर्मन्स मीटरमध्ये एकच ट्रॅक, फ्रीज करता येण्याजोगे काही उरले नसताना, कोअर भरून टाकतो आहे असे दिसल्यावर करावा. पैसे खर्चच करायचे असतील तर आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांत ते लॅपटॉपपेक्षा खिडकीवरच्या जाड पडद्यांवर आणि तबलजीसाठी दुसऱ्या हेडफोनवर खर्च झालेले मला अधिक पटतील.